एका वाळक्या फांदीचा अर्ज

एका जंगलात एक रस्ता होता. जंगलात रस्ता कशाला, असं विचारू नका बाळांनो. राजेसाहेबांना हवा होता, म्हणून होता. त्याच्या दोन्ही अंगांना जुनी, थोराड झाडं होती.

पूर्वी या झाडांना वाली नव्हता. अस्वल पाठ खाजवायला यायचं आणि झाड पाडून जायचं. म्हणून सिंहराजांनी फर्मान काढलं. रस्त्याकडेच्या झाडाची काडीसुद्धा वृक्षखात्याच्या परवानगीशिवाय तोडायची नाही. फर्मान चांगलं होतं. मी उगाच नावं ठेवणार नाही.

वृक्षखात्याचे साहेब होते घोरपडराव. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. साहेबांना खुर्चीला चिकटून अकरा पावसाळे झाले होते.

याच रस्त्यावर एका शिरीषाच्या बुंध्याशी सायाळकाकूंचं बीळ होतं. काकूंना दोन पिल्लं. थोरला दाभण, धाकटी सुई. दोघं दिवसभर बिळाच्या तोंडाशी खेळायची. आणि नेमकी त्यांच्या डोक्यावर, बारा हातांवर, शिरीषाची एक फांदी वाळून लटकत होती. वारा आला की ती करकरायची आणि काकूंचा जीव खालीवर व्हायचा.

काकूंनी गुपचूप ती फांदी पाडून टाकली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण काकू पडल्या नियमाने वागणाऱ्या. त्या गेल्या खात्यात.

“साहेब, फांदी वाळलीय. खाली माझी लेकरं खेळतात.”

“अर्ज करा,” घोरपडराव म्हणाले.

काकूंनी पळसाच्या पानावर अर्ज केला. फांदीची जाडी लिहिली. जमिनीपासून उंची बारा हात लिहिली. कारण लिहिलं, ‘पडेल अशी भीती वाटते.’

साहेबांनी पान उलटंपालटं करून पाहिलं. “पडली आहे का?”

“पडली असती तर अर्ज कशाला केला असता?”

“म्हणजे धोका सिद्ध झालेला नाही. असो. नोटीस लावू. सात दिवस हरकती मागवू.”

नोटीस त्या फांदीलाच खिळ्याने ठोकली. ठोकताना फांदी आणखी थोडी कचकली. सहाव्या दिवशी हरकत आली. ती होती फांदीतल्या भुंग्यांची. यांनीच आतून पोखरून फांदी वाळवली होती, आणि आता यांनीच लिहिलं की हे आमचं राहतं घर आहे. साहेबांनी सुनावणीची तारीख दिली. मग ती पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली.

एवढ्यात समोरच्या बाजूला कोल्हेशेटचं मधाचं दुकान निघालं. दुकानावर भली मोठी पाटी, आणि पाटीच्या आड येणारं हिरवंगार जांभूळ. एका दुपारी खात्याची माकडं कुऱ्हाडी घेऊन आली आणि जांभूळ पार बुंध्यापर्यंत उतरवून मोकळी झाली. त्या झाडावर बुलबुलीण अंड्यांवर बसली होती. अंड्यांचं काय झालं ते मी सांगणार नाही. मला अजून राग येतो.

काकू रस्ता ओलांडून गेल्या. “अहो, हे तोडलंत?”

“तोडलं नाही, छाटलं,” माकडांचा मुकादम म्हणाला. “मुळं आहेत की जाग्यावर.”

“आणि नोटीस? सात दिवस लावायची असते ना?”

“लावली की.” मुकादमाने आडव्या पडलेल्या खोडाकडे बोट दाखवलं. खोडावर नोटीस होती, खिळा अजून चमकत होता. ती नियमाप्रमाणे सात दिवस राहिली. हरकत एकही आली नाही.

काकू काय समजायचं ते समजल्या. दुसऱ्या दिवशी त्या कोल्हेशेटकडे गेल्या.

“शेट, माझ्या बिळावर तुमची एक पाटी लावा. जाणाऱ्यायेणाऱ्याला लांबून दिसेल.”

“दिसेल कशी काकू? मधे तुमचा शिरीष आहे.”

“हो, तो आहे खरा,” काकू म्हणाल्या. घरी जाताना त्यांनी शिरीषाकडे वर पाहिलं नाही. पण लेकरं म्हणजे लेकरं.

तिसऱ्या दिवशी माकडं हजर. त्यांनी हिरव्या फांद्या उतरवल्या. शेंडा उतरवला. अख्खं झाड भादरून काढलं. उरली फक्त एक फांदी. वाळकी.

“अरे बाबांनो, ती तोडा ना. तिच्यासाठी तर सगळं केलं.”

“तिला हात लावता येत नाही काकू,” मुकादम म्हणाला. “तिची फाईल चालू आहे.”

इतके दिवस भोवतालच्या फांद्या वारा अडवत होत्या. आता अडवायला कुणी राहिलं नाही. दोन दिवसांनी भर दुपारी वावटळ उठली आणि फांदी सुटली, ती थेट बिळाच्या तोंडावर. तोंडाशी दाभण आणि सुई खेळत होती, ती मातीबरोबर आत गाडली गेली.

काकूंनी मागच्या बाजूने माती उकरली. नखांतून रक्त आलं तरी उकरत राहिल्या. दाभण धडधाकट बाहेर आला. सुई आली, पण मागचा पाय ओढत. ती आजही लंगडते.

त्यानंतर आठवड्याने खात्याचं पत्र आलं. भुंगे घर सोडून गेले असल्याने हरकत निकाली काढण्यात येत आहे, आणि खाते आपल्या खर्चाने फांदी काढून देईल, असं त्यात होतं. काकू पत्र घेऊन घोरपडरावांकडे गेल्या.

“साहेब, फांदी पडली. दारात आडवी आहे, माझ्या एकटीने हलत नाही. तेवढी उचलून द्या.”

साहेबांनी अर्ज काढला. “इथे उंची बारा हात लिहिलीय. तुमची फांदी तर जमिनीवर आहे. तपशील जुळत नाही. एक तर ती होती तिथे नेऊन लावा, नाहीतर नवा अर्ज करा.”

काकूंनी पत्राची घडी घातली. मला वाटलं, आता या रडणार. त्या रडल्या नाहीत.

“साहेब, एक विचारू? अर्ज केला की निकाल लागेपर्यंत त्या झाडाला कुणी हात लावत नाही ना?”

“कुणाची टाप आहे?”

“मग द्या कोरी पानं. रस्त्यावर झाडं उरलीत एकशे बेचाळीस. तेवढी द्या.”

काकूंनी एकूण एक झाड तोडण्याचा अर्ज केला. वडाच्या अर्जात कारण लिहिलं, ‘सावली पडते.’ आंब्याच्या अर्जात लिहिलं, ‘आंबे येतात.’ प्रत्येक अर्जावर सातव्या दिवशी न चुकता हरकत येई, आणि खाली बुलबुलिणीची सही असे. कोल्हेशेटने वडापाठी दुसरं दुकान काढलं तेव्हा माकडं कुऱ्हाडी घेऊन आली आणि तशीच परत गेली. वडाची फाईल चालू होती.

घोरपडराव अजून तारखा देतायत. रस्त्यावर गर्द सावली आहे. त्या सावलीतून सुई लंगडत लंगडत शाळेला जाते.

तात्पर्य : झाड वाचवायचं असेल, तर ते तोडायची रीतसर परवानगी मागावी. लेकरू वाचवायचं असेल, तर मागू नये.