मंदामावशी टायर निवडतात

तुमच्या गाडीचा टायर कोणत्या साली जन्मला, सांगता येईल? गाडीचा रंग सांगाल, छताची काच उघडते हे न विचारता सांगाल, नंबरप्लेटशेजारी लिंबू-मिरचीही टांगाल. पण गाडीचा जो भाग प्रत्यक्ष रस्त्याला टेकतो, त्याचं वय तुम्हाला ठाऊक नसतं. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत मात्र सगळ्या गाड्यांच्या टायरांची वयं एका बाईंना पाठ आहेत. त्या बाईंकडे गाडी नाही. त्यांना गाडी चालवताही येत नाही.

त्या म्हणजे मंदामावशी. वय साठीच्या पुढे, साडीवर पांढरे बूट, पदर कमरेला खोचलेला. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये त्यांनी अर्धं आयुष्य परदेशी जाणारी द्राक्षं निवडली. शेवटी शेवटी तर त्या तिथल्या सुपरवायझर होत्या. घड हातात घ्यायचा, फिरवायचा, पिचका मणी कात्रीने काढायचा आणि निकाल द्यायचा. मग नोकरी संपली, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटीने राहणं सुरू झालं आणि निकाल द्यायला काही उरलं नाही. कोणी मंदिर धरतं, कोणी मालिका धरतं. मावशींनी पार्किंग धरलं.

रोज सकाळी साडेसहाला त्या खाली येतात, एखाद्या गाडीपाशी उकिडव्या बसतात आणि अंगठ्याचं नख टायरात रुतवून पाहतात. मणी मोजायची प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी पॅकहाऊसमधून येताना आणली आहे, ती टायरच्या खाचेत घालून खोली बघतात. मग ग्रेड. पहिला टायर एक्सपोर्टचा, दुसरा लोकल मार्केटचा आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही तो बेदाण्याचा.

"कुलकर्णी, तुमचा मागचा डावा बेदाण्याचा झालाय," असं त्यांनी एकदा भर मीटिंगमध्ये सांगितलं. कुलकर्णी म्हणजे आमचे सेक्रेटरी. त्यांची एसयूव्ही रोज धुतली जाते आणि महिन्यातून दोनदा वापरली जाते.

"मावशी, गाडी घेऊन दोनच वर्षं झालीत."

"गाडी दोन वर्षांची हे. टायर आधी गोदामात बसून म्हातारा झाला, मग तुमच्याकडं आला. अंगावर चार आकडे लिवलेले असतात त्याच्या. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तुम्ही शोरूमवाल्याला काय विचारलं? गाणी कशी वाजतात ते."

मी त्या दिवशी मोठ्याने हसले आणि तिथून आमची मैत्री झाली. खरं तर आमचं जमायला नको होतं. मी चळवळींची पत्रकं लिहिते. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात युनियनचे. आमच्या घरात ताटांपेक्षा पत्रकं जास्त होती. दोन माणसांनी कोथिंबीर आणायला दीड टनाची गाडी काढावी, हे मला सार्वजनिक पाप वाटतं. मी मावशींना तसं सांगितलं.

"तुझं बरोबर हे, पत्रकबाई," त्या म्हणाल्या. "पण लोकं घेऊन बसलीत ना. आता घसरू तरी नये."

यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी हट्टच धरला. मधल्या किमतीच्या एसयूव्हीला ओल्या रस्त्यावर कोणता टायर चांगला, हे ठरवायचं. सोसायटीच्या उतारावर त्यांनी नळी लावून पाणी सोडलं, येणाऱ्या प्रत्येक गाडीला खडूची रेघ दाखवून "हितं ब्रेक मारा" म्हणाल्या, आणि गाडी रेघेपुढे किती सरकली ते मला टेपने मोजायला लावलं. जोशीकाका जिमखान्याचे कपडे घालून निघाले होते, त्यांनी तीन वेळा ब्रेक मारला. कुलकर्णींनी पाण्याच्या नासाडीबद्दल नोटीस लावली. मी त्या नोटिशीखाली दुसरी लावली, की रोज गाडी धुणाऱ्याने पाण्यावर बोलू नये.

मग मावशींचा मोर्चा पाथर्डी फाट्यावरच्या सलीमभाईंच्या दुकानाकडे वळला. तीन टायर समोर मांडून आम्ही किती वेळा तिथे बसलो, त्याची गणती नाही. एक कडक रबराचा. वर्षानुवर्षं जाईल, पण ओल्यात सरकेल. दुसरा रुंद खाचांचा. पाणी झटक्यात बाहेर टाकेल, पण चालताना घोंगावेल. तिसरा मऊ, बारीक चिरांचा. ओला रस्ता धरून ठेवेल, पण लवकर संपेल.

"मावशी, सब लोग पहिला नेतात," सलीमभाई म्हणाले. "टिकतो ना."

"टिकून काय करायचंय? झिजला तरी चालंल. धरलं पायजे."

"अहो, पण तुमची गाडी कुठंय?"

मावशींनी मऊ टायरवर पुन्हा नख दाबलं.

गाडी कुठे आहे, ते मला पुढच्या मंगळवारी कळलं. मावशी मला एका सरकारी कार्यालयाच्या आवारात घेऊन गेल्या. पाऊस झिमझिमत होता. गाड्यांच्या रांगेत एक करड्या रंगाची जुनी एसयूव्ही होती. मावशींनी छत्री माझ्या हातात दिली आणि त्या चिखलात खाली बसल्या. चारही चाकं पाहिली. उठल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"चारी बेदाणा," त्या म्हणाल्या. "आन् रोज घोटीच्या पुढं जाती ही. तिकडं पाऊस म्हणजे काय असतो, तुला म्हाईत नाय."

गाडी सुवर्णाची होती. सुवर्णा म्हणजे मावशींची एकुलती एक मुलगी. घोटीला राहते आणि आसपासच्या डोंगरी पाड्यांवर नर्स म्हणून फिरते. महिन्यातून एकदा मीटिंगला नाशिकला येते. मावशी त्या दिवशी येऊन तिची चाकं बघतात आणि ती बाहेर यायच्या आत निघून जातात. तीन वर्षं मायलेकी एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

परतताना रिक्षात मावशींनी सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. सुवर्णाला स्थळ त्यांनीच पसंत केलं होतं. "वरून मणी एकसारखे होते गं. मी पास केला त्याला." दोन वर्षांनी सुवर्णा बॅग घेऊन आईच्या दारात आली. मावशींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, दंडावरचे डागही पाहिले आणि म्हणाल्या, परत जा, जमंल हळूहळू. सुवर्णा गेली. पण नवऱ्याकडे नाही गेली आणि आईकडेही पुन्हा आली नाही.

"माल चुकला तर कबूल करायचं असतं," मावशी म्हणाल्या. "मी पोरीलाच दुरुस्त करायला निघाले."

अशा बाईला काय बोलायचं? मी पत्रकांतून अशा आयांना फोडून काढलं आहे. त्या दिवशी मी रिक्षाच्या मीटरकडे बघत बसले.

टायर घ्यायचे ठरले, पण आईने दिलेले टायर सुवर्णा घेणार नाही, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. सलीमभाईंच्या दुकानाचं एक पत्रक लिहायचं: जुने टायर द्या, नवे बसवून घ्या, पावसाळी योजना, पैसे द्यायचे नाहीत. प्रत एकच. ती सुवर्णाच्या वायपरखाली खोचायची.

मी सांगितलं, पत्रकात खोटं छापायचं नाही, हे मी वडिलांकडून शिकले आहे.

"मग खरं काय लिवशील? आईनं माती खाल्ली, म्हणून टायर बसवून घ्यावेत?"

मी लिहिलं. आयुष्यातलं पहिलं खोटं पत्रक, आणि सांगायला लाज वाटते, पण भाषा फार छान उतरली. मावशींनी फक्त शेवटच्या दोन ओळी स्वतः घातल्या आणि काही केल्या काढू दिल्या नाहीत. 'टायर हाताने निवडलेले आहेत. ग्राहकाने दुकानात रिकाम्या पोटी येऊ नये.' कोणता टायरवाला असं लिहितो, असं मी दहादा विचारलं. मावशींचं म्हणणं, सुवर्णा मीटिंगच्या दिवशी सकाळी काहीच खात नाही.

पुढच्या महिन्यात मीटिंग संपल्यावर सुवर्णा खरंच दुकानात आली. मावशी आणि मी ट्रॅक्टरच्या टायरांच्या थप्पीमागे होतो. मावशींचा हात माझ्या तोंडावर. जशी काही मीच बोलणार होते. टायर चढेपर्यंत सुवर्णा स्टुलावर बसून पत्रक वाचत होती. एकदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"सलीमभाई, तुमची कंपनी ग्राहकाच्या पोटाची फार चौकशी करते."

"नवीन स्कीम आहे मॅडम," सलीमभाई म्हणाले आणि पाना शोधायला खाली वाकले. पाना त्यांच्या हातातच होता.

सुवर्णा उठली. थप्पीकडे तिने पाहिलं नाही, पण आवाज जरा मोठा केला. "कंपनीला सांगा, रविवारी मला सुट्टी असते. मी घोटीला घरीच असते."

गाडी गेली. मावशी थप्पीला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि तिच्या काढलेल्या जुन्या टायरवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

या गोष्टीला चार रविवार झाले. मावशी अजून घोटीला गेलेल्या नाहीत. पहिल्या रविवारी एसटी नापास झाली. स्टँडवर जाऊन चाकं बघून आल्या. दुसऱ्या रविवारी माझी स्कूटर नापास. तिसऱ्या रविवारी कुलकर्णींनी, मागचा डावा बदलून घेऊन, स्वतःहून न्यायची तयारी दाखवली. "कोरा टायर सुरवातीला सरकतो," असं सांगून मावशींनी तोही नाकारला. चौथ्या रविवारी मी भांडले.

"ती ये म्हणाली का?" मावशींनी मला विचारलं. "घरी असते म्हणाली. घरी सगळेच असत्यात."

त्याचं उत्तर घोटीला आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे एक काम आहे. रविवारी सकाळी तुम्ही घोटीवरून मुंबईच्या बाजूला निघणार असाल आणि गाडीत एक जागा रिकामी असेल, तर नऊ वाजता इंदिरानगरच्या बोगद्यापाशी थांबा. मी मावशींना घेऊन तिथे उभी असेन. त्या आधी खाली बसतील, तुमची चाकं बघतील आणि नाही म्हणतील. तुमचे टायर कितीही चांगले असले तरी नाही म्हणतील. वाद घालू नका. मागचं दार उघडा आणि थांबा.