दाजींचा बावटा

आमच्या शेजारच्या दाजींच्या अंगणात एक उंच काठी आहे. तिच्यावर रोज सकाळी सातला बावटा चढतो. पांढरा असला तर दाजींची साखर दोनशेच्या आत, लाल असला तर वर.

हसू नका. दाजींची उभी नोकरी बंदरावर गेली. वादळ येणार असलं की बावटा चढवायचा आणि होड्यांना सावध करायचं, हेच काम. पेन्शनीत निघाले आणि त्याच वर्षी मधुमेह निघाला. मला म्हणाले, "वयनी, लोकांका आधी सांगूक व्हया. नायतर घरोघर च्यायत साखर घालतत." आता चतुर्थीला भटजीसुद्धा आधी वर बघतात, मग मोदक पुढे करतात.

साखर वाढली तर दोष कधीच दाजींचा नसतो. "वारो फिरलो," एवढंच. पावसाळ्यात चालणं बंद आणि पेज चालू, वारो फिरलो! थंडीत डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं, तर हे गोधडी पांघरून अंगणात. "थंडीन साखर आखडता वयनी, उनात बसलंय काय सुटता." आणि आंब्याचे दिवस आले की पांढरा बावटा धुऊन, घडी घालून कपाटात. जूनपर्यंत त्याला सुट्टी.

हा बावटा वाचणारं आणखी एक माणूस आहे, खाडीपलीकडे. दाजींची थोरली बहीण, आक्का. एकटी राहते, कानांनी ठार बहिरी, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. रोज सातला पडवीत येऊन भावाचा बावटा बघायचा आणि उत्तर म्हणून दोरीवर टॉवेल लावायचा, हा तिचा नेम. लाल दिसला की मात्र टॉवेल नाही, पहिल्या होडीने ती स्वतःच हजर! हातात मेथीची जुडी, तोंडाचा पट्टा चालू. आंब्याच्या दिवसांत तर मुक्कामालाच.

मग कोरोना आला. होडी बंद. दाजींचा आंबा उतरवून झालेला, पण न्यायला ट्रक येईना. पेट्या पडवीत. जेटीपर्यंतची फेरी बंद, म्हणून दाजीही पडवीत, पेट्यांच्या शेजारी. "झाडान दिलेलो आंबो, कुसाक कसो दिवचो?"

एका सकाळी मी दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून विचारलं, "दाजी, आज किती?"

"तीनशे धा."

वर बघते तर बावटा पांढरा!

"मशीन बिघडलां काय तुमचे डोळे?"

दाजी खाडीकडे बघत होते. हळूच म्हणाले, "होडी बंद आसा, वयनी. लाल बघल्यान तर आक्का पवत येतली."

पंचाहत्तरीची बाई हो ती, आणि म्हणे खाडी पोहून येणार! पण आक्काला ओळखणाऱ्या कुणालाही हे खोटं वाटलं नसतं.

त्याच दुपारी दाजींनी सगळ्या पेट्या वाडीत वाटल्या, प्रत्येकाच्या गडग्यावर ठेवून लांबूनच हाक मारत. दुसऱ्या दिवसापासून काठीभोवती फेऱ्या सुरू. शंभर सकाळी, शंभर संध्याकाळी. ते चालायचे, मी गडग्याआडून मोजायची, आणि चुकून एखादी कमी मोजली तर भांडायचे. "खोटो बावटो म्हणून कधी लावूक नाय. आता ह्यो खरो करूक व्हयो!"

आणि केलाच. एकशे ऐंशी आली त्या दिवशी मी गडग्यावरून टाळ्या वाजवल्या.

होडी सुरू झाली तशी आक्का आली ती ओरडतच. "आंब्याच्या दिवसात पांढरो बावटो? माका आयकाक येणा नाय रे, पण दिसता बरां!" आठ दिवस राहिली. आठही दिवस दाजींना कारल्याचा रस. तोंड वाकडं करून प्यायचे आणि मिशीत हसायचे.

आता आक्का थकली. होडीत चढताना दोघांनी धरावं लागतं. उगाच म्हणून ती येत नाही.

परवा सकाळी मी विरजण मागायला दाजींकडे गेले. मशीन टेबलावर उघडंच होतं. एकशे अठ्ठावीस! कौतुक करायला अंगणात आले, तर काठीवर बावटा लाल. कडक इस्त्री केलेला.

"दाजी, ह्या काय?"

"वारो फिरलो," दाजी म्हणाले. नजर खाडीवर.

पलीकडून पहिली होडी सुटली होती. मी विरजण घेऊन निघाले. घरी येऊन कोकमं भिजत घातली. आक्काला जेवताना सोलकढी लागते.