दरोगा उंबरा ओलांडत नाही

"गुन्हेगार मला ओळखतात. त्यामुळे स्वतःची ओळख करून द्यायची मला सवयच नाही," असं म्हणून नरहर पिंपळापुरे यांनी स्वतःची ओळख करून द्यायला सुरुवात केली.

ती बराच वेळ चालली. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करणारी मंजूषा हातात भाताची बादली घेऊन ऐकत उभी होती. तिला कळलं ते असं: समोर उभे असलेले गृहस्थ कारखान्याच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेले असून सध्या भोपाळमधले एकमेव मराठी खाजगी शोधक आहेत. त्यांच्या मेंदूला रविवारचीही सुट्टी नसते.

"आणि माझं नाक, मॅडम, पुराव्याच्या मागे जात नाही. पुरावा नाकाच्या मागे येतो."

एवढ्यात त्यांना सलग तीन शिंका आल्या. अच्युतने मुकाट्याने रुमाल पुढे केला.

अच्युत म्हणजे नरहरांचा मेहुणा. टी. टी. नगरमधल्या एका कचेरीत कारकून, अविवाहित, स्वभावाने गरीब आणि एका स्कूटरचा मालक. या शेवटच्या गुणामुळे त्याची सहायक म्हणून नेमणूक झाली होती. नरहरांच्या आजवरच्या सगळ्या यशस्वी प्रकरणांत तो हजर होता. दोन्हींत.

"मला माग काढणारा कुत्रा हवाय," नरहर नाक पुसत म्हणाले. "हा सहायक आता थकला."

"माग काढणारा नाहीये अंकल, पण राखण करणारा आहे एक," मंजूषा म्हणाली. "राजस्थानातून मेंढ्यांचे कळप येतात ना इकडे, त्यांच्यासोबतचा. म्हातारा झाला, पाय चालेनात, मागे राहिला. रायसेन रोडवर मिला था हमको."

ती बाजूला झाली आणि अच्युतला जे कोपऱ्यात पडलेलं गादीचं बोचकं वाटत होतं, ते उठून उभं राहिलं. वासराएवढं धूड, धुवट गोधडीचा रंग, मानेभोवती दाट केस, एक कान फाटलेला. उठायला त्याला वेळ लागला. उठल्यावर तो मंजूषाच्या पायाला टेकून उभा राहिला आणि नरहरांकडे अशा नजरेनं बघू लागला, जशी नजर नरहर रोज आरशासमोर घोटत असत.

"नाव काय याचं?"

"दरोगा."

दरोगा म्हणजे फौजदार. नरहरांचा चेहरा किंचित पडला. सहायकाचा हुद्दा आपल्यापेक्षा मोठा असणं त्यांना रुचलं नाही. पण दरोगा पुढे आला, त्यांचा हात हुंगला आणि त्याच हातावर स्वतःचं भलंमोठं डोकं ठेवून दिलं. नरहरांनी तो हात बराच वेळ हलवला नाही.

"एक शर्त आहे," मंजूषा म्हणाली. "दोन घरांतून परत आलाय हा. दोघांनीही बाहेरच ठेवला, थंडीत सांधे पार आखडले. डॉक्टर म्हणालेत, हिवाळ्यात घरातच झोपवा. मी रविवारी येऊन बघणार. बाहेर पडलेला दिसला, तर घेऊन जाईन, आणि मग कोणालाच देणार नाही. बार बार घर बदलना, इस उमर में... बरं नाही वाटत हो त्याला."

"मॅडम, निश्चिंत राहा," नरहर म्हणाले. "दारातून आत यायला काय लागतं?"

नरहरांच्या कोटरा सुल्तानाबादच्या घरी टेम्पो पोहोचला, तेव्हा सिंधूताई फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी टेम्पोत बघितलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, कुत्रा आणायला गेला होतात ना?"

"हा कुत्राच आहे."

"मग बाकीच्यांचे कुत्रे कुठल्या जातीचे असतात?"

तरी पाच मिनिटांत त्या व्हरांड्यात बसून त्याला दुधात कुस्करलेली पोळी भरवत होत्या. "ये रे राजा, आत ये," म्हणत त्या घरात गेल्या. दरोगा त्यांच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेला. दिवाणखान्यात पाहिलं. नरहरांनी गेल्याच वर्षी स्वतः निवडून बसवलेली पांढरी शुभ्र फरशी आरशासारखी चमकत होती. दरोगाने खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि जागीच थबकला.

सिंधूताईंनी बोलावलं, अच्युतने चुचकारलं, नरहरांनी हुकूम सोडला. दरोगा शेपटी हलवत राहिला, पण पाऊल काही आत टाकेना. शेवटी उसासा टाकून तो व्हरांड्यातच बसला.

"अच्युत," नरहरांचा आवाज खाली आला. "या घरात काहीतरी आहे."

पहिला संशय अच्युतवर आला. दरोगाने गुन्हेगार ओळखलाय, असं नरहरांचं म्हणणं होतं, आणि घरात त्यावेळी बाहेरचा माणूस एकच होता. अच्युतला मागच्या दाराने गल्लीत काढण्यात आलं. तो तिथे कुडकुडत उभा राहिला. दरोगाही व्हरांड्यात बसून राहिला.

"म्हणजे मी निर्दोष ना भाऊजी?" अच्युतने खिडकीतून विचारलं.

"तेवढ्यानं सिद्ध होत नाही."

दुसरा संशय गॅसवर गेला. जनावरांना गळती आधी कळते. गॅसवाल्याने येऊन शेगडी, नळी, सिलिंडर सगळं तपासलं. गळती निघाली नाही. रात्रीचं जेवणही निघालं नाही, कारण तोवर नरहरांनी कोणालाही काडी ओढू दिली नव्हती.

पण रविवार जवळ येत होता. रात्री दरोगावर दोन घोंगड्या टाकूनही सकाळी त्याला उठवेना. मागचे पाय ताठ व्हायचे. सिंधूताई गरम तेलाने ते चोळत बसायच्या. नरहर व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. अच्युतच्या लक्षात आलं की भाऊजींचा जुना लोकरी कोट, ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत, तोही दरोगाच्या अंगावर आहे.

शनिवारी सकाळी नरहरांना साक्षात्कार झाला.

"कळप! अरे, हा मेंढ्यांचा राखणदार. मेंढी आत गेली की हा आत जाणार. साधी गोष्ट आहे."

"पण मेंढी कुठून आणायची?" अच्युतने विचारलं आणि विचारताक्षणी त्याला पश्चात्ताप झाला. भाऊजींच्या हातात पांढरी दुलई होती.

सरकारी नोकरीत असताना माणूस चौपायी चालताना दिसला तर खात्याची चौकशी लागते का, याचा विचार करत अच्युत दुलई पांघरून व्हरांड्यातून दिवाणखान्यात रांगत निघाला.

"आवाज काढ!"

"बें."

"असा कारकुनासारखा नको. मनापासून!"

अच्युत मनापासून ओरडला. दरोगाचे कान उभे राहिले. तो उठला, दारापर्यंत आला. त्याने पुढचा एक पाय फरशीवर टेकवला. तेवढ्यात अच्युतचा तळहात सर्रकन सटकला आणि मेंढी हनुवटीवर आपटली. दरोगाने पाय मागे घेतला आणि दारातूनच अत्यंत काळजीने तिच्याकडे बघू लागला.

"पाहिलंस?" नरहर ओरडले. "पाय टेकवला आणि काढून घेतला! म्हणजे जे आहे, ते फरशीच्या खाली आहे!"

"अहो, काय असणार खाली?" सिंधूताई अच्युतच्या हनुवटीला हळद लावत म्हणाल्या.

"हे नवाबांचं शहर आहे, सिंधू. खजिना असेल. प्रेतही असेल. दोन्हीही असेल."

संध्याकाळच्या आत मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन हजर झाला. हाच ती फरशी बसवून गेला होता, त्यामुळे त्याला थोडं वाईट वाटत होतं.

"बाबूजी, मैंने ख़ुद बिछाई है। नीचे रेती है, सिमेंट है, और कुछ नहीं है।"

"हेच तर गुन्हेगार बोलतो," नरहर अच्युतच्या कानात म्हणाले. मग मोठ्याने, "तोड़िए!"

"नवी कोरी फरशी फोडणार?" सिंधूताईंचा आवाज चढला.

नरहरांनी एकदा त्या चकाकत्या फरशीकडे पाहिलं, एकदा व्हरांड्यातल्या कोटाखालच्या ढिगाऱ्याकडे. "उद्या त्या पोरीने त्याला नेलं," ते म्हणाले, "तर या फरशीचं मी काय करू?"

या वाक्यात कुठेच शोधक नव्हता. अच्युतने चमकून भाऊजींकडे बघितलं.

मिस्त्रीने छिन्नी लावली, एवढ्यात फाटक वाजलं. आवाज ऐकून शेजारच्या सुधाताई काठी टेकत आल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात पडून त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या दरोगाच्या शेजारी दारात येऊन थांबल्या आणि आत डोकावल्या.

"काय चाललंय नरहरभाऊ?"

"आत या, सुधाताई, सांगतो. गंभीर आहे."

"मी नाही बाई येत या फरशीवर. सिंधू, सतरंजी टाक आधी."

"टाकते, टाकते." सिंधूताईंनी सवयीप्रमाणे दिवाणामागची लांब सतरंजी ओढली आणि दारापासून सोफ्यापर्यंत अंथरली. सुधाताई आल्या की त्या दर वेळी हेच करत. सुधाताईंनी उंबरा ओलांडला आणि काठी टेकत, सतरंजीच्या मधोमध, सावकाश चालू लागल्या.

त्यांच्या मागोमाग दरोगा निघाला.

दरोगा सुधाताईंच्या एक पाऊल मागे, त्यांच्याच चालीने, सतरंजीच्या कडेबाहेर नख जाऊ न देता सोफ्यापर्यंत आला. सुधाताई बसल्या. तो त्यांच्या पायाशी बसला, आणि सगळं अंग सैल सोडून आडवा झाला.

"हो ना रे," सुधाताई त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "म्हाताऱ्या हाडांना घसरडं नको वाटतं. जन्मभर मातीत चाललेला जीव तो. त्याला कुठं माहीत असणार ही काचेसारखी फरशी."

मिस्त्रीने छिन्नी पिशवीत घातली. "तो बाबूजी, खजाना रहने दें?"

नरहर खिडकीकडे वळले. मग खाकरले. "मला सुरुवातीपासूनच फरशीवर संशय होता," ते म्हणाले. पहिला संशयित अच्युत हनुवटीवरची हळद पुसू लागला.

"आणि फरशी कोणी निवडली होती?" सिंधूताईंनी विचारलं.

"गुन्हेगार सापडलाय," नरहर म्हणाले. "नाव जाहीर करायची गरज नाही."

रात्री त्यांनी घरातलं जे जे खरखरीत होतं ते जमिनीवर अंथरलं: पोती, चटया, पायपुसणी, घोंगड्या आणि शेवटी अशोका गार्डनच्या बाजारातून अच्युतला पिटाळून आणवलेला काथ्याच्या चटईचा गुंडाळा. घरात चालताना माणसं अडखळू लागली. दरोगा मात्र रुबाबात फिरत होता. झोपण्याआधी त्याने प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येकाला एकदा हुंगलं आणि सगळे जागच्या जागी आहेत याची खात्री झाल्यावर पोत्यावर अंग टाकलं.

रविवारी मंजूषा आली. व्हरांडा रिकामा बघून तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सिंधूताईंनी तिला आत नेलं. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि मग बोळ. तिथे बाथरूमच्या दाराला पाठ लावून दरोगा गाढ झोपला होता. चारही पाय ऐसपैस पसरलेले, तोंड अर्धवट उघडं. झोपेत कुठल्याशा माळावर कळप हाकत असावा, पंजे हलत होते.

"असा झोपलेला मी कधी पाहिला नव्हता," मंजूषा हळूच म्हणाली. तिने डोळे पुसले आणि पिशवीतून कागद काढला. "अंकलची सही हवी होती. कुठे आहेत?"

अच्युतने दरोगाच्या मागच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. ते दार बाहेरच्या बाजूला उघडत असे.

"कधीपासून?"

"चहा व्हायच्या आधीपासून."

"अरे देवा! उठवू का त्याला?"

"खबरदार!" दारामागून दबका आवाज आला. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. अच्युत, तो कागद दाराखालून सरकव. आणि पेन दे."

अच्युतने वाकून कागद सरकवला. आत थोडी खुडबुड झाली. मग सही झालेला कागद हळूच, सरळ दरोगाच्या पोटाखालून, बाहेर आला.

"वाचून सही केली ना भाऊजी?"

"आत दिवा नाहीये," आवाज आला. "पण इकडे उबदार आहे. त्याची पाठ लागतेय दाराला. तुम्ही चहा घ्या."