मालक आत, जहाज पाण्यात

जहाज पाण्यात उतरायची वेळ झाली होती आणि मालक कप्तानाच्या संडासात अडकले होते.

आजोबांपासून चालत आलेल्या या कारखान्यात मालकांच्या शब्दाशिवाय खिळासुद्धा ठोकला जात नसे. मुलगी जहाजबांधणी शिकून त्यांच्या हाताखाली रुजू झाली होती, पण तिचं प्रत्येक काम ते पुन्हा स्वतः तपासत. आजही तिने जहाज तपासून झाल्यावर मालक एकटेच शिडी चढून वर गेले. कप्तानाच्या खोलीतला नळ बघितला, मग संडासाची कडी लावून पाहिली. कडी लागली. झकास लागली. मग निघेना.

त्यांनी ती ओढली, ढकलली, गोंजारली. शेवटी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोन कोटात, कोट खाली बायकोच्या हातात. उरली ती गोल खिडकी, तीही वीतभरच उघडणारी.

"अहो, मी वर आहे!" मालक खिडकीला नाक लावून ओरडले. खाली बँडवाले जीव तोडून वाजवत होते. बँड थांबला तेव्हा मालकांना खोकल्याची उबळ आली होती. भाषणाचा माईक मात्र चालूच राहिला होता, त्यामुळे खालची कुजबुजही वर स्वच्छ ऐकू येऊ लागली.

"ताई, मालक कुठेच नाहीत," फोरमन सांगत होता. "भरती उतरायला लागेल आता. आजची गेली तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत हात चोळत बसायचं."

"तोवर मी थांबणार नाही," गिऱ्हाईक तडकलं. "आधीच उशीर झालाय. आज उतरलं नाही, तर हे जहाज तुमचं तुम्हालाच लखलाभ!"

मालकांना दरदरून घाम फुटला. जहाज गळ्यात पडलं तर कारखान्याला टाळंच लागायचं. आपल्यावाचून सोडलं तर अपमान, नाही सोडलं तर सत्यानाश! ओरडावं तरी काय, हेच त्यांना कळेना.

"अगं, बाबांची वाट बघायची का?" बायकोने विचारलं.

मुलीने मान वर करून जहाजाकडे एकदा पाहिलं.

"नाही. जहाज अडवणाऱ्या पाचरी काढा!"

"थांबा!" सवयीने मालकांच्या तोंडून निघून गेलं.

पण घणांचे घाव पडू लागले होते. पायाखालचं लोखंड कण्हलं. मालकांनी बेसिनला कडकडून मिठी मारली. जहाज उतारावरून सुटलं, नळ उघडून डोक्यावर धार लागली. जहाज पाण्यात बसलं त्या हिसक्याने कडी निखळली आणि मालक दारासकट बाहेर आले.

नखशिखान्त भिजलेले मालक डेकवर कठड्याला धरून उभे राहिले, तसा किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. होडीतून परत आणल्यावर गिऱ्हाईकाने त्यांना मिठीच मारली.

"स्वतःच्या जहाजावर केवढा हा भरवसा! जातीने आत बसून उतरलात! पुढचं जहाजही तुमच्याकडूनच घेणार. अट एकच, पाण्यात उतरताना तुम्ही असेच आत हवेत."

"अर्थात," मालक म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी मुलीला बाजूला घेतलं. "शाबास. पण मी घसा फाटेस्तोवर ओरडत होतो, कुणालाच ऐकू आलं नाही?"

"मला आलं ना, बँड चालू असतानाच."

"आलं? मग?"

"एवढं ओरडताय म्हणजे धडधाकट आहात, हे कळलं. वर माणूस पाठवला असता तर तुम्ही खाली आला असतात."

"आलोच असतो!"

"आणि सगळं पुन्हा तपासलं असतंत. भरती थांबली असती का, बाबा?"

मालकांनी बाही पिळली.

"आता पुढच्या जहाजाचं काय?"

"आत बसायला एक चांगली खुर्ची ठेवू."

"आणि खाली हुकूम कोण देणार?"

"मीच," मुलगी त्यांच्या खांद्यावर कोट टाकत म्हणाली. "तुम्ही आत असणार ना!"