घोंगडीखाली रुक्माचा फोटो

काळोखाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. कुंभारवाड्याकडच्या आमच्या वाडीत वीज आली तेव्हा माझी मुलं शाळा संपवत आली होती. त्याआधीचा सगळा संसार मी अंधारातच केला. अंधारात पोरांच्या वेण्या घातल्या, अंधारात ताकातली माशी बोटाने शोधून काढली, आणि नवऱ्याशी भांडण झालं की अंधाराचा फायदा घेऊन त्याच्या ताटात नेमकी कारल्याची भाजी वाढली. म्हणून माझी नात मयूरी रडवेली होऊन म्हणाली, "आज्जी, मला ठार काळोख पाहिजे, आत्ताच्या आत्ता," तेव्हा मी पदर खोचला आणि म्हटलं, "एवढंच ना? चल."

हे वाक्य मला फार महागात पडलं.

मयूरी धारवाडला चित्रकला शिकते. यंदा त्यांच्या सरांनी मुलांना रीळ घालायचे जुने कॅमेरे दिले आणि सांगितलं, एकच रीळ मिळेल, त्यात आपल्या गावची माणसं टिपून आणा, सोमवारी रीळ माझ्या टेबलावर पाहिजे. मोबाइलवर एका डोशाचे वीस फोटो काढणारी ही पोर. पण तो कॅमेरा गळ्यात पडल्यापासून अगदी मुनी होऊन गेली. उजेड जोखायला तळहात पुढे करून अंगणात उभी राहायची, जसा काही आभाळातून प्रसाद पडणार आहे. मग समोरच्या माणसाभोवती फेऱ्या मारायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "नको, ऊन जरा उतरू दे." तोवर माणूस कंटाळून गुरांमागे निघून गेलेला. तरी ही खूश. "आज्जी, मोबाइलवर मी कुणाकडे इतका वेळ बघितलंच नव्हतं गं," म्हणायची. जेवताना एकटीच हसायची. मला वाटलं, प्रेमातबिमात पडली की काय. पडलीच होती, पण त्या कॅमेऱ्याच्या.

आता रुक्मा. ही माझी जुनी मैत्रीण, ओढ्यापलीकडे राहते. फोटोत माणसाचा थोडा जीव जातो, असं तिचं ठाम मत. सरकारी कार्डावर एक फोटो आहे, पण तिथे तिने डोळे गच्च मिटले होते. ती रुक्मा आहे की भोपळा, हे सरकारलाही सांगता यायचं नाही. मोबाइलचा तर तिने फारच धसका घेतलेला. "त्यातला फोटो हितं बी असतो नि गोव्यात बी असतो. किती ठिकाणी जीव वाटून घेऊ?"

मयूरी तिच्या पडवीत जाऊन बसू लागली. चिंचा फोडून दिल्या, पाठ चोळून दिली, आणि समजावलं की ह्या कॅमेऱ्यातला फोटो आतच बंद राहतो, धुऊन काढेपर्यंत कुणाला दिसत नाही. रुक्माने फणस पिकलाय का बघावं तसं कॅमेऱ्यावर बोटाने वाजवून बघितलं.

"ह्यातनं कुठं पळून जात न्हाई न्हवं?"

"न्हाई, रुक्माज्जी."

"मग एकदाच काढ. परत आलीस तर काठी घालीन."

रविवारी सकाळी ती न्हाली, हिरवं लुगडं नेसली आणि दारात बसली. रिळातला शेवटचा फोटो तिचा. तो काढून मयूरी नाचतच घरी आली. सवयीने रीळ पुढे सरकवायचा खटका ओढायला गेली, तर तो अडकला.

"जोर लाव," मी म्हटलं. "बोअरच्या पंपाचा दांडासुद्धा असाच अडतो."

तिने जोर लावला. आत कट् असा आवाज झाला. मग तिने रीळ गुंडाळायची किल्ली फिरवून पाहिली, तर ती बादली सुटलेल्या रहाटासारखी नुसतीच गरगर फिरायला लागली. पोरीचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा झाला.

"आज्जी, फिल्म आत तुटली. आता काळोखात कॅमेरा उघडून ती हाताने काढायची आणि डब्यात बंद करायची. जरा जरी उजेड लागला तरी सगळे फोटो जातील. रुक्माज्जीचा पण."

मार्क पुढच्या वर्षीही मिळतात. रुक्मा परत बसणार नव्हती. आणि तिच्याकडे निरोप घेऊन मलाच जावं लागलं असतं.

मी मयूरीला माजघरात नेलं. तिथे कौलात काच बसवलेली. कोठीत नेलं. तिथे माकडांनी कौलं सरकवून ठेवलेली, भाताच्या पोत्यांवर उन्हाचे कवडसे नाचत होते. न्हाणीत गेलो तर दाराच्या फळ्यांतून ऊन आत आलेलं. इतकी वर्षं ह्या घरात काढली, पण ते इतकं उजेडाचं आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

मग मला माझं लग्न आठवलं. आमचा फोटो काढायला खानापूरहून माणूस आला होता. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात तो जो शिरला तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही. त्याची फक्त विजार दिसत होती.

"घोंगडी," मी म्हटलं.

ऐन उन्हाळ्याची दुपार. आम्ही खाटेवर बसलो, अंगावरून दोन घोंगड्या घेतल्या, त्यांवर गोधडी. मी एका हाताने कडा दाबून धरल्या, दुसऱ्या हातात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. आत लोकरीचा वास आणि ऊसतोड करून आल्यासारखा घाम. मयूरीने कॅमेरा उघडला.

"आली हाताला," ती कुजबुजली. "हलू नको. शिंकू नको."

तेवढ्यात शेजारची अनुसया विरजण मागायला आली.

"अक्का? अगो बाई, वाफारा घेताय व्हय? पोरीला ताप आला?"

"ताप नाही," मी आतून म्हटलं. "तू जा. नंतर ये."

"आवाज का असा येतोय तुमचा? बघू." आणि वरची गोधडी उचलली गेली.

"हात लावू नको," मयूरी किंचाळली. "उजेड नको!"

अनुसयाने गोधडी खाली सोडली. "उजेड सोसत न्हाई तिला?" तिने हळूच विचारलं.

"अगं, कॅमेरा उघडलाय. त्याला उजेड चालत नाही."

"कॅमेरा उजेडातच चालतो, अक्का. माझ्या मोबाइलला अंधारात काय दिसत न्हाई. तुमी बी बरळाय लागलासा."

तिचं खरंच होतं. ती ओसरीवर पळाली आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरगी काल भर दुपारी देवराईजवळ फिरत हुती, मी बघितलं. गणपतीला बोलवा."

गणपती म्हणजे आमच्या देवाला गाऱ्हाणं घालणारा. तो नारळ घेऊन आला. आम्हाला दिसत काहीच नव्हतं, पण पावलं वाढत चालली होती.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"अर्धी झाली. बोटं घामाने घसरतात गं आज्जी."

बाहेर गणपतीचं गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, लेकरू अजाण हाय, कॅमेरा घेऊन फिरलं असंल..." मी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि बाहेर सगळ्यांना वाटलं की पोरीला धरलेल्या भुतानेच उत्तर दिलं.

मग काठीचा ठक ठक आवाज आला. रुक्मा. ह्या उन्हात ओढा ओलांडून.

"माझ्यामुळं झालं हे," ती रडवेली होऊन म्हणाली. "माझा जीव हाय त्या कॅमेऱ्यात, तोच पोरीला बाधला. काढा माझा फोटो भाईर. सुमंगला, उचल ती घोंगडी."

"रुक्मा, उजेड लागला तर तुझा फोटो जाईल."

"जाऊ दे की. पोरीपरास मोठा हाय व्हय?"

तरी कडा मी सोडल्या नाहीत. रुक्मा घोंगडी तिकडून ओढत होती, मी इकडून. साठ वर्षांच्या मैत्रीत आम्ही इतक्या जोरात कधी भांडलो नव्हतो. ह्या ओढाताणीत अनुसयाने युक्ती केली. पोरीचा ताप बघायला तिने पायाकडून नुसता हात आत सरकवला. बांगड्या वाजल्या. मी ते मनगट घोंगडीसकट गुडघ्याने दाबून धरलं, म्हणजे फट राहायला नको. बोटं चाचपडत पुढे आली आणि मयूरीच्या मांडीवर वेटोळं करून पडलेल्या फिल्मवर पडली. गार, गुळगुळीत, हलणारी.

"साप हाय," अनुसया म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. "घोंगडीत साप हाय. माझा हात धरलाय त्येनं."

बाहेर भांडी पडली. गणपती गाऱ्हाणं अर्धवट टाकून म्हणाला, "काठी आणा. बॅटरी आणा."

"मयूरी," मी म्हटलं.

"थोडंच राहिलंय."

"मयूरी, बॅटरी आणतायत."

"डबा इकडे कर, आज्जी." झाकण बसल्याचा आवाज झाला. देवळातली घंटासुद्धा कधी इतकी गोड वाजली नव्हती. मी अनुसयाचा हात सोडला आणि घोंगडी फेकून दिली.

समोर गणपती काठी उगारून उभा. एका हातात बॅटरी, काखेत नारळ. आम्ही दोघी घामाने निथळत, केस पिंजारलेले, मयूरी डबा छातीशी धरून हसत. मला वाटतं, साप निघाला असता तर लोक कमी घाबरले असते.

मयूरी त्याच दुपारच्या बसने जोयड्याला आणि तिथून धारवाडला गेली. डब्यावर माझी जुनी काळी छत्री फाडून गुंडाळली होती. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रुक्मा रोज विचारायची, "जिवंत हाय का मी?" आणि मी म्हणायची, "कळवते."

फोटो आले. सगळे आले. मयूरीने ते स्वतः आणले. सरांनी रुक्माचा फोटो वर्गात भिंतीवर लावला म्हणाली. खरंच बघत राहावा असा. दारातून तिरका उजेड, फोटो काळापांढरा म्हणून हिरव्या लुगड्याचा काळा रंग झालेला, आणि चेहऱ्यावरची एकूण एक रेघ दिसतेय.

आम्ही तो घेऊन रुक्माकडे गेलो. तिने फोटो हातात धरला. लांब धरला, जवळ धरला. आरसा ती कुंकवापुरता बघते, तोही रुपयाएवढा.

"ही हितं कशी आली?" ती म्हणाली.

"कोण?"

"माझी सासू."

आमच्या भागात आत्याच्या घरी सून म्हणून जायची रीत. रुक्माची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. दोघींचं जन्मात पटलं नाही. म्हातारी गेली त्या दिवशीही आमटीत मीठ किती, ह्यावरूनच वाद चालला होता.

"अगं रुक्मा, ही तू आहेस."

"मला सांगतीस? हीच ती. बघ कशी बघतीय. आता म्हणंल, चुलीत लाकडं जास्त घातलीस." तिने फोटो पालथा घातला. "जिवावर उदार हून फोटो काढला, नि आली कोण तर ही. तुझ्याकडंच ठेव. भिंतीकडं तोंड करून ठेव."

मयूरीला हसावं की रडावं कळेना. मी घरी येऊन फोटो पुन्हा बघितला. काय सांगू, रुक्माचं खरं आहे.

मयूरीने माझाही एक फोटो काढला होता, तो वेगळ्या पाकिटात घालून देऊन गेलीय. माझी सासू माझ्या नात्यातली नव्हती, त्यामुळे तशी काळजी नाही. पाकीट मात्र अजून उघडलेलं नाही.