ताई गेली, कॉर्नब्रेड करपला

मंगळवारी सकाळी थॅडियस उठला, तेव्हा अंगणात ओडेसाताईची गाडी नव्हती. ती डोळे तपासायला पहाटेच माँटगोमेरीला निघून गेली होती. ते पाहून थॅडियसने स्वयंपाकघरात चक्क एक उडी मारली. वय चौसष्ट, गुडघे दुखरे, त्यामुळे उडीत आवाजच जास्त होता. पण कारणही तसंच होतं. संध्याकाळी सहाला अर्नेस्टीन जेवायला यायची होती आणि आज तिला लग्नाचं विचारायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

ताई घरात असती तर ते शक्यच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी थॅडियसची बायको वारली आणि ही मोठी बहीण त्याच्याकडे राहायला आली. तेव्हापासून तिने त्याला वेळेवर जेवू घातलं, वेळेवर गोळ्या दिल्या आणि गावातल्या झाडून साऱ्या विधवांना फाटकावरूनच परत पाठवलं.

आता पाहुणीला कॉर्नब्रेड नको? आमच्या अलाबामात मक्याचा हा गरम पाव पानात नसेल, तर त्याला जेवण कोण म्हणेल! आणि थॅडियसला तर अंडं उकडायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. म्हणून दुपारी तो दुकानात गेला आणि तयार पिठाचं एक खोकं त्याने गल्ल्यावर ठेवलं. नुसतं अंडं आणि दूध घालायचं, ढवळायचं, भट्टीत सारायचं.

गल्ल्यावरच्या टोयाने खोक्याकडे पाहिलं. मग थॅडियसकडे. ओडेसाच्या घरात विकतचं पीठ? एकदा चर्चच्या जेवणात असल्या पिठाचा पाव निघाला, तेव्हा ओडेसाने आख्खा ट्रे डुकरांना घातला होता!

"काका, ताई कुठायत?" तिने जपून विचारलं.

"ताई गेली," थॅडियस म्हणाला.

"अगं बाई! कधी?"

"आज पहाटेच. अगदी शांतपणे गेली बघ. मला उठवलंसुद्धा नाही."

टोयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तुम्ही? तुम्ही ठीक आहात ना?"

"खरं सांगू?" थॅडियस पुढे वाकून कुजबुजला. "इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. बरं, संध्याकाळी घरी माणूस येणारेय. या पावाबरोबर काय ठेवू गं? शेंगा करू की पालेभाजी?"

"काका, तुम्ही कश्शाला हात लावू नका. सोबतचं सगळं आम्ही बघतो."

दुकानाची सेवा भलतीच सुधारली आहे, असं मनाशी म्हणत थॅडियस शीळ घालत घरी गेला. टोयाने लगेच ओडेसाला फोन लावून पाहिला. पण तिचा मोबाइल नेहमीप्रमाणे घरातल्या खणातच होता, तो वाजून वाजून गप्प झाला. मग मात्र टोयाने बाकी कुणालाही फोन लावायचं शिल्लक ठेवलं नाही.

थॅडियसने बिडाचा तवा भट्टीत तापवला, त्यात डुकराची चरबी सोडली, पीठ ओतलं आणि तवा परत आत सारला. खोक्यावर वीस मिनिटं लिहिली होती. इतक्यात दारावरची घंटा वाजली.

शेजारची मेव्हिस भरलेल्या अंड्यांचं ताट घेऊन उभी होती. "देवाची मर्जी, थॅडियस," ती म्हणाली. "आता मन घट्ट करा."

"घट्ट केलंय," थॅडियस लाजून म्हणाला. म्हणजे बातमी फुटली तर! पण गाव आपल्या पाठीशी आहे, हे पाहून त्याला भरून आलं.

मग घंटा थांबेचना. भाजलेलं हॅम आलं, चवळी आली, टर्कीची मान घालून शिजवलेली पालेभाजी आली, चीजमधली मॅकरोनी तर तीन घरांतून आली. भांडं परत मिळावं म्हणून प्रत्येकाने बुडाला पट्टी चिकटवून आपापलं नाव लिहिलं होतं. जो येई तो थॅडियसला मिठी मारी, पाठ थोपटी आणि म्हणे, "तुम्ही एकटे नाही हं." थॅडियस म्हणे, "नाहीच मुळी!" लोकांना वाटे, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पाचाच्या सुमाराला पाद्रीबाबा आले. त्यांनी थॅडियसचा हात हातात घेतला. "शनिवारी करून टाकू या का? चर्च मोकळंच आहे."

"इतक्या लवकर? अहो, मी अजून तिला विचारलंही नाही!"

पाद्रीबाबांनी त्याचा हात जरा घट्ट धरला. "बाळा, आता तिला विचारून काय उपयोग?"

"तेही खरंच," थॅडियस आनंदाने म्हणाला. "विचारलं तर नाही म्हणायची. थेट चर्चमध्येच नेऊ."

याच वेळी स्वयंपाकघरातून धूर येऊ लागला आणि मागच्या दाराने घरात शिरलेली ओडेसा करपलेला तवा फडक्याने धरून त्या धुरातून बाहेर आली.

हॅम कापणाऱ्या माणसाच्या हातातली सुरी खाली पडली. मेव्हिस किंचाळून सोफ्यावर बसली, आणि सोफ्यावर आधीच मॅकरोनी होती.

ओडेसाने वीसेक काळे पोशाख पाहिले, टेबलावरची भांडी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "कोण गेलं?"

सगळ्यांनी दुकानातून आलेल्या टोयाकडे पाहिलं. शेवटी टोया म्हणाली, "तुम्ही."

"मी? आणि मला कुणी कळवायचं नाही?"

तिने तवा आपटला आणि एकेक भांडं उचलून बुडाची नावं वाचायला सुरुवात केली. "मेव्हिस, बारा अंडी? चाळीस वर्षांची मैत्री, आणि माझ्या मयताला बारा अंडी?"

"आणखी उकडत होते गं!" मेव्हिस रडत म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या दारातून अर्नेस्टीन आली. काळी टोपी, सुजलेले डोळे. तिला समोर फक्त थॅडियस दिसत होता. तिने सगळ्यांदेखत त्याचे दोन्ही हात धरले. "थॅडियस, रडत रडत आले मी. बाई तोंडाने फटकळ, पण तुम्हाला जपलं तिने. वाटलं, निदान मी पोटभर भांडून तरी घ्यायला हवं होतं तिच्याशी. आता तुम्हाला कोण बघणार?"

"बोला, बोला," मागून ओडेसा म्हणाली. "माझ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

अर्नेस्टीन वळली आणि मटकन खुर्चीत बसली. थॅडियसला आता सगळा प्रकार उलगडला. कान लाल झाले.

"ताई, मी फक्त 'गेली' म्हणालो गं! मला यांना... म्हणजे लग्नाचं... पण तू असताना कसं विचारणार होतो?"

ओडेसाने भावाकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून भट्टीचा जाड हातमोजा होता. अकरा वर्षांत तो इतका घाबरलेला आणि इतका आनंदात तिने कधी पाहिला नव्हता. तिला त्याची दया आली आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

"मग आता कुठेय मी?" ती म्हणाली. "गेलेय ना? विचार की मेल्या!"

थॅडियसने विचारलं. शब्द पुढेमागे झाले, पण अर्थ पोचला. 

 अर्नेस्टीनने तव्यातल्या कॉर्नब्रेडचा वरचा, जरा बरा तुकडा मोडून तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. कसाबसा गिळला.

"माझा होकार आहे," ती म्हणाली. "पण एका अटीवर. या घरातला कॉर्नब्रेड जन्मभर ओडेसाबाईच करतील."

टाळ्या पडल्या, पाद्रीबाबांनी आभाळाकडे हात जोडले, थॅडियसने त्या दिवसातली दुसरी उडी मारली. ओडेसाने मात्र नाक ओढलं, खुंटीवरचा एप्रन कमरेला बांधून त्यात डोळे पुसले आणि बाह्या सारल्या.

"झालं!" ती म्हणाली. "म्हणजे आता मरायचीही सोय राहिली नाही. मेव्हिस, ऊठ त्या मॅकरोनीतून आणि मला मक्याचं पीठ आणून दे."