गुलकंदचं वजन

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, असं सुरू करायची पद्धत आहे. पण बाळांनो, या जंगलात बरीच अस्वलं राहत होती आणि ती सगळी म्हातारी होती. तरुण अस्वलं समुद्रापलीकडच्या बर्फाळ जंगलात गेली होती. तिथे पांढरी अस्वलं मध खात आणि आपली काळी अस्वलं तो मोजून देत. या कामाला इकडे फार मान होता.

अप्पा अस्वलाचा मुलगा उपेंद्र तेवढा मागे राहिला होता. वाटेत भेटेल तो अप्पांना विचारी, "उपेंद्रचं काही झालं नाही का अजून?" मुलगा जवळ राहतो म्हणजे घरात काहीतरी दुखणं असणार, अशा आवाजात विचारी. अप्पांनाही मग ओशाळल्यासारखं होई.

शेवटी उपेंद्रचंही तिकडचं झालं. अप्पांनी जंगलभर पेढे वाटले. शेवटचा पेढा माकडिणीच्या हातावर ठेवला, तिच्याकडून "सुटलात हो अप्पा!" असं ऐकून घेतलं आणि घरी येऊन रिकामा पुडा हातात धरून बसून राहिले.

घरात चौघेजण होते. अप्पा, उपेंद्र, सून शलाका आणि गुलकंद. गुलकंद हा कुत्रा होता. अस्वलाच्या घरात कुत्रा कसा, असं विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर मधे बोलायचं नाही.

गुलकंदला आणायची हौस उपेंद्र आणि शलाकाची. त्याचे फोटो ते दोघं काढत. गोचिड्या अप्पा काढत. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायचं, त्याच्यासाठी नदीवरून मासे आणायचे, फटाके वाजले की त्याच्या कानांवर हात ठेवून बसायचं, हेही अप्पांकडेच होतं. गुलकंद झोपायचा मात्र अप्पांच्या पायांवर. कुत्र्यांना मालकाचं नाव कळत नाही, पाय कळतात.

"आम्ही गुलकंदला नेतोय हं," एके दिवशी शलाका म्हणाली.

अप्पांनी गुलकंदला जवळ ओढलं. "मी काय म्हणतो, तो इथेच राहिला तर? माझ्याजवळ?"

"अहो अप्पा, एकटा पडेल तो! मुक्या जीवाला असं मागे टाकून जायचं? मला तर कल्पनाही करवत नाही."

अप्पा मुके नव्हते. त्यामुळे त्यांच्याबाबतीत कल्पना करायचा प्रश्न नव्हता. त्यांनी मान डोलावली. त्यांना पटलंच, कारण शलाकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

मग धनेश पक्षी घरी आला. परदेशी जाणाऱ्या पाळीव प्राण्यांची व्यवस्था करणं हा त्याचा धंदा. धनेश स्वतःच्या बायकोला झाडाच्या ढोलीत बसवून ढोली लिंपून टाकतो आणि फटीतून फळं भरवतो. तेव्हा बंद करून पाठवण्याच्या कामात त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

"काही काळजी करू नका," धनेश म्हणाला. काळजी करू नका असं म्हणून त्याने काळजीच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. गुलकंदच्या कातडीखाली दाण्याएवढी खूण बसवायची. मग पिसाळू नये म्हणून सुई. मग ती सुई लागू पडली की नाही ते बघायला रक्त. रक्त आधी करकोच्याबरोबर जाणार. रक्त तिकडे आवडलं तर काही महिन्यांनी कुत्रा जाणार.

"आणि आमचं रक्त?" उपेंद्रने विचारलं.

"तुमचं कशाला? तुम्ही पिसाळलेले नाही असं ते गृहीत धरतात."

सगळ्यात महत्त्वाचा पिंजरा. नियम असा की पिंजऱ्यात कुत्र्याला ताठ उभं राहता आलं पाहिजे, ऐसपैस पडता आलं पाहिजे आणि जागच्या जागी गोल वळता आलं पाहिजे. धनेशने फीत काढली. गुलकंदला नाकापासून शेपटीपर्यंत मोजलं, खांद्यापासून जमिनीपर्यंत मोजलं, पोटाभोवती मोजलं. "अगदी सडपातळ आहे हो तुमचा," तो कौतुकाने म्हणाला आणि त्या मापाचा छान शिसवी पिंजरा करायला सांगून गेला.

आता ऐका. हे माप घेतलं श्रावणात.

अप्पांच्या घरचा श्रावण कडक. एरवी जंगलात सगळे मासे खात. मासे पाण्यात राहतात, जंगलाच्या सभेला येत नाहीत, त्यामुळे ते खाल्लेले चालतात, असं फार पूर्वी ठरलं होतं. पण श्रावणात नाही म्हणजे नाही. आणि गुलकंदलाही नाही. अप्पांचं म्हणणं, घरात राहायचं तर घरचं पाळायचं. श्रावणी सोमवारी गुलकंद संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर असे आणि दिवेलागणीला अप्पांच्या पानातला वरणभात खाऊन उपास सोडी. पुण्य कितपत मिळालं ते माहीत नाही, पण बरगड्या दिसत होत्या. त्या बरगड्यांचं माप पिंजऱ्याला लागलं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अप्पांच्याही नाही.

श्रावण संपला, गणपती झाले आणि निरोपाची जेवणं सुरू झाली.

परदेशी निघालेल्याला आपल्या घरी एकदा जेवू घालायचं, हा जंगलाचा रिवाज. ज्यांनी कधी चहाला विचारलं नव्हतं त्यांनीही पाटपाणी मांडलं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण एकाकडे जेवलं आणि दुसऱ्याकडे नाही, तर दुसरा पुढची वीस वर्षं ते काढत बसतो. आणि आमंत्रण देताना प्रत्येकजण म्हणे, "गुलकंदलाही आणा बरं का!"

साळिंदराकडे तळलेले मासे होते. सांबराकडे पुरणपोळी. रानडुकराकडे दोन्ही. गुलकंदपुढे वेगळं ताट येई आणि यजमानीण त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, "खा रे बाबा. तिकडे तुला असं कोण करून घालणार?" गुलकंद तिच्याकडे असं बघे, की ती आणखी एक वाढी.

कार्तिकात निघायचा दिवस आला. करकोच्यांच्या उड्डाणतळावर सगळं जंगल लोटलं होतं. सामान तपासायला घोरपडबाई होत्या. घोरपडबाईंनी एकदा पकडलं की सुटका नसे.

"कुत्रा उभा करा," त्या म्हणाल्या. गुलकंद पिंजऱ्यात उभा राहिला.

"पडू दे." गुलकंद पडला. ते त्याला छान येत होतं.

"आता वळवा."

गुलकंद अर्धा वळला आणि थांबला. नाक एका गजाला, शेपूट दुसऱ्या गजाला आणि मधला सगळा भाग निरोपाच्या जेवणांचा. शलाकाने मागच्या बाजूला जाऊन बिस्किट दाखवलं. उपेंद्र म्हणाला, "त्याला वळायची आवडच नाहीये, स्वभाव असतो एकेकाचा." धनेशने आपली फीत पुन्हा पुन्हा तपासली.

"वळत नाही," घोरपडबाई म्हणाल्या. "आम्ही मुक्या जीवाचे हाल खपवून घेत नाही."

त्यांच्या पाठीमागे करकोच्याच्या पाठीवर प्रवासी बसवणं चाललं होतं. दोन कोल्ह्यांच्या मधे एक रेडा दाबून बसवला होता. तिथे कुणालाच वळता येत नव्हतं. पण ते बोलणारे जीव होते, त्यामुळे त्यांच्यासाठी असा काही नियम नव्हता.

मोठा पिंजरा चालेल का? चालेल, पण या करकोच्याच्या पोटाखाली बसणार नाही. मोठा करकोचा आहे का? आहे, पण तो दुसऱ्या जंगलाला जातो. उपेंद्रने घड्याळाकडे पाहिलं, शलाकाकडे पाहिलं आणि मग सकाळपासून पहिल्यांदाच अप्पांकडे पाहिलं.

"अप्पा, थोडे दिवस ठेवाल का याला? जरा बारीक झाला की धनेश पाठवून देईल."

"ठेवीन की," अप्पा म्हणाले. आवाज शक्य तितका दुःखी ठेवला.

शलाका गुलकंदच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. "बाळा, तुला टाकून नाही रे चाललो आम्ही! लवकर बोलावून घेऊ!" मग डोळे पुसून ती अप्पांकडे वळली. "अप्पा, त्याला वेळेवर फिरवा. पाणी उकळून द्या. आणि एकटं ठेवू नका, खचेल तो."

"नाही ठेवणार," अप्पा म्हणाले.

करकोचा उडाला. सगळ्यांनी हात हलवले. अप्पांनी गुलकंदची दोरी धरली, रिकामा पिंजरा ढकलगाडीवर घातला आणि ते घरी आले.

पलीकडे गेलेली मुलं सणासुदीला फोन करत. ज्यांना फार माया होती, ती महिन्याला एकदा करत. उपेंद्र मात्र रोज करू लागला. माकडिणीने ते जंगलभर सांगितलं. म्हाताऱ्या अस्वलांनी अप्पांचा हेवा केला.

"अप्पा, जेवला का तो?"

"जेवला."

"दाखवा ना जरा. अप्पा, तुम्ही मधे येताय. थोडं बाजूला व्हा. हां, दिसला! गुलकंद! ए गुल्लू!"

अप्पा बाजूला होऊन फोन धरत. हात भरून येई, पण धरत.

आणि बाळांनो, अप्पांनी कबूल केल्याप्रमाणे गुलकंदला बारीक करायला खरंच सुरुवात केली होती. ते शब्दाचे पक्के होते. मासे निम्मे केले. ओढ्यापर्यंतचं फिरणं टेकडीपर्यंत नेलं. गुलकंद उतरू लागला. एके दिवशी तो पिंजऱ्यात शिरला आणि पाऊण वळला.

त्या दिवशी अप्पांनी ते फोनवर सांगितलं. उपेंद्र आनंदाने ओरडलाच. "मस्त, अप्पा! म्हणजे आता महिन्याभरात येईल तो इकडे. मग तुम्हीही सुटलात. मग मलाही रोज फोन करायला नको."

फोन बंद झाला. सुटलात, हा शब्द अप्पांना दुसऱ्यांदा ऐकावा लागला होता. गुलकंद येऊन त्यांच्या पायांवर पडला. अप्पा उठले, नदीवर गेले आणि मोठा मासा घेऊन आले.

तेव्हापासून गुलकंदचं वजन थोडं उतरे आणि थोडं चढे. उतरलं की चढे, चढलं की उतरे. उपेंद्र काळजीने विचारी, अप्पा काळजीने सांगत. असं करत उन्हाळा गेला.

मग उपेंद्रला आठवलं. "अप्पा, काळजी मिटली! श्रावण आलाच की! आपल्या घरात श्रावणात आपोआप उतरेल तो. श्रावण संपला की दुसऱ्या दिवशी धनेशला पाठवतो. पिंजरा पुसून ठेवा."

अप्पांच्या आजोबांनी श्रावण मोडला नव्हता, वडिलांनी मोडला नव्हता. अप्पांनी तापात डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, पण श्रावण पाळला होता. त्यांनी पिंजरा पुसून ठेवला. पुसताना दोनदा बाहेर येऊन गुलकंद कुठे आहे ते पाहिलं.

पहिला श्रावणी सोमवार उजाडला. अप्पांनी आंघोळ केली, देवापुढे हात जोडले, खूप वेळ काहीतरी पुटपुटले आणि जाळं खांद्यावर टाकून नदीकडे निघाले.

"अहो अप्पा!" माकडीण झाडावरून किंचाळली. "श्रावण ना आज?"

"मला आहे," अप्पा म्हणाले. "त्याला नाही."

महिनाभर अप्पा उपाशीपोटी मासे तळत होते. महिनाभर गुलकंद ते खात होता. श्रावण संपताना एकाच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या आणि तो गुलकंद नव्हता.

धनेश फीत घेऊन आला. गुलकंदने पिंजऱ्यात डोकं घातलं, खांदे घातले आणि तिथेच अडकला. वळायचा प्रश्नच आला नाही. धनेशने फीत गुंडाळली. "अप्पा, हा आता करकोच्याबरोबर जाण्यातला राहिला नाही. मी तसं कळवून टाकतो."

संध्याकाळी फोन आला. पलीकडे शलाका रडत होती, ते ऐकू येत होतं. अप्पांना मनापासून वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं.

"अप्पा, असं कसं झालं हो?" उपेंद्रने विचारलं.

"वय झालं रे त्याचं. पूर्वीसारखं पळवत नाही. घरातच बसून असतो. वाट बघतो सारखी. जिन्यात जरा वाजलं की उठून दाराशी जातो."

पलीकडे उपेंद्रने नाक ओढलं. "अप्पा, आम्हीच येऊ का दिवाळीला? त्याला भेटायला?"

अप्पांनी फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. गुलकंद कधीचा घोरत होता.

"या की," अप्पा म्हणाले. "त्याला फार बरं वाटेल."

तात्पर्य : बाळांनो, म्हातारपणी कुणी जवळ राहावं असं वाटत असेल, तर त्याला शिकवू नये, नुसतं जेवू घालावं. शिकलेला उडून जातो, जेवलेला पिंजऱ्यात मावत नाही. कळलं ना? शाबास. आता उठा आणि अभ्यासाला बसा.